स्ट्राँगरूमचं काय करायचं

ड्रॉइंगमध्ये ती खोली मी तीनदा खोडली.
नारायण पेठेतली बुडीत बँक, तळमजला अधिक एक.
डॉक्टर रास्त्यांना तिथे डोळ्यांचं हॉस्पिटल हवं,
दिवाळीच्या आत, आणि बजेटच्याही.

काउंटर निघाले, कॅशियरचे पिंजरे निघाले.
जिन्याखाली पितळेचं टोकन सापडलं, सत्तेचाळीस नंबर.
ते परत कुणाला करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं
म्हणून ओळंब्याच्या पिशवीत टाकून दिलं.
वरच्या मजल्यावर पीओपीचं छत उतरवलं
तर सागवानी कैच्या, धडधाकट,
एकोणीसशे एकतीसच्या सुताराच्या खुणांसकट:
डावी एक, डावी दोन, उजवी एक.
माझ्या एक्सेल शीटकडे मी जरा खजील होऊन पाहिलं.

फक्त स्ट्राँगरूम हटेना.
दीड फुटाच्या भिंती, आत बोटाएवढ्या सळया,
खिडकी नाही, झरोका नाही,
दार दोन टनांचं, किल्ल्या लिक्विडेटरकडे,
किल्ल्यांसाठी तीन अर्ज.
मल्हारी कुसाळकरने ब्रेकर लावला.
दुपारपर्यंत ताटलीएवढा खळगा पडला
आणि शेजारच्या खाणावळीतून निरोप आला,
आमटीत प्लास्टर पडतंय.
मल्हारीने गॉगल कपाळावर चढवला.
"मॅडम, चोराला भिऊन बांधलीय ही भिंत,
चोर तर आत खुर्चीवर बसलेला."

रोज साडेदहाला, बँक उघडायच्या वेळेला,
एक गृहस्थ येत. टिळेकर, टेलिफोन खात्यातून निवृत्त.
कापडी पिशवी, तिच्यात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पासबुक.
आत येत नसत. वाळूच्या ढिगापाशी उभं राहून
दर्शनी भिंत वाचत.
पितळी अक्षरं कधीच चोरीला गेली होती,
पण त्यांच्या मागचा रंग उन्हाने उडालेला नव्हता,
त्यामुळे नसलेली अक्षरंच ठळक.
प्राइमरचे दोन हात दिले,
तिसऱ्या दिवशी 'सहकार' पुन्हा वर आला.

"उघडणार का?" त्यांनी एकदा विचारलं.
"हो, दिवाळीला," मी म्हटलं,
आणि त्यांचा चेहरा पाहून घाईघाईने, "हॉस्पिटल."
ते हसले.
पासबुक डोळ्यांपासून वीतभर धरलं,
मग हातभर, मग पुन्हा वीतभर,
आणि शेवटची नोंद शोधत राहिले.

त्या रात्री खोडलेली खोली मी परत काढली.

डोळे तपासायला अंधार लागतो,
ठरवून केलेला, फटीतूनही न गळणारा.
विकत घ्यायचा तर काळे पडदे, दुहेरी दार, रबरी पट्ट्या.
इथे तो तयार पडून होता,
ठेवीदारांच्या पैशाने बांधलेला.

एसीसाठी एक भोक पाडलं, त्यात मल्हारीचे अडीच दिवस गेले.
अक्षरांच्या तक्त्याला वीस फूट लागतात,
खोली भरली साडेअकरा.
मग आरसा लावला. आरशात अंतर वाढतं,
अक्षरं तेवढी उलटी छापून घ्यावी लागतात.
दोन टनांचं दार उघडं करून भिंतीला वेल्ड केलं,
आत नवं, हलकं, प्लायचं. तेही काळं.

कार्तिकात मी शेवटचं बिल घेऊन गेले.
अकाउंटंट म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू.
मी बाकावर बसले, ठेवीदारासारखी.
प्लायचं दार अर्धवट उघडं होतं,
दिवा अजून मालवायचा होता,
खुर्चीत टिळेकर, मांडीवर पिशवी.
"काका, समोर आरशात बघा," तपासणारी मुलगी म्हणाली.
ते डावीकडच्या भिंतीकडे बघत होते,
लॉकरच्या बोल्टांची भोकं
मी पुट्टीने बुजवून घेतली होती तिथे.
एक राहून गेलं होतं.
स्नॅग लिस्टमध्ये ते नव्हतं.